संग्रहालयातल्या मूर्ती: रंगीत की कृष्णधवल?

काळा_पाषाण
गेल्या महिन्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दिवस काढला. सगळे फोटो कृष्णधवल. भाचा म्हणतो, "मामा, कॅमेरा बिघडला का?"
बिघडला नाही, मुद्दाम केलं. मूर्तीच्या एका गालावर खिडकीचा निळसर उजेड, दुसऱ्यावर दिव्याचा पिवळा, मागे भिंतीचा रंग. यात दगडाचा रंग कुठला? फ्लॅश मारायचा नाही, स्टँड लावायचा नाही. रंग काढला की छिन्नीचं काम उरतं: ओठाची कड, मेखलेचा पदर, मोडलेल्या हाताची खाच. माझं मत ठाम आहे, मूर्तीचा फोटो कृष्णधवलच हवा.

पारावरचा
हे ठाम मतच खटकलं. मूर्ती बिनरंगाच्या होत्या असं सांगितलं कुणी? रोमजवळ 1863 साली सापडलेल्या सम्राट ऑगस्टसच्या संगमरवरी पुतळ्यावर रंगाचे अंश होते. ग्रीक शिल्पंही रंगवलेली असत, पण युरोपला पांढऱ्या संगमरवराचं इतकं वेड की 1930 च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं पांढरी दिसावीत म्हणून चक्क खरवडली. लांब कशाला, वेरूळचं कैलास घ्या. गिलावा आणि रंग होता म्हणून त्याला रंगमहाल म्हणत. तुम्ही गेलात त्याच संग्रहालयात सिंधमधल्या मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत, त्यांच्यावर अजून रंगाच्या खुणा दिसतात. त्याही करड्या करून टाकल्यात ना?

काळा_पाषाण
केल्या. पण होता तो रंग गेला, मी आज समोर आहे ते टिपतो. आणि आपल्याकडचा दगड मुळात काळाच. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला शेकडो मुखांचं ते शिवलिंग तिरप्या उन्हात बघा, रंगाची आठवणही येत नाही.

भीमाकाठची
कुडलपुरती मी दादांच्या बाजूने. तिथला शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख वाचायचा तर रंग काय कामाचा? कोरीव लेखाचा कागदावर शाईने ठसा घेतात, तो काळा-पांढराच असतो. अक्षर सावलीने वाचता येतं.

गल्लीतला_फोटोवाला
ऑइलपेंट फासलेल्या गावातल्या मूर्तीचा फोटो कृष्णधवल करावाच लागतो. नाहीतर डोळे दुखतात 😀

पारावरचा
@भीमाकाठची ताई, लेख वाचणं वेगळं, मूर्ती बघणं वेगळं. आणि शेंदूर, ऑइलपेंट काहीही असो, त्या मूर्तीची आज पूजा होते हे त्या रंगावरूनच कळतं. तो काढला की चालतं देऊळ पडकं वाटायला लागतं.

रंगारी_सोलापूर
आमच्या घरात दोन पिढ्या चादरीचं सूत रंगवण्यात गेल्या, म्हणून बोलतो. उजेडाबद्दल पाषाणराव बरोबर आहेत. ट्यूबखाली जुळलेला मरून उन्हात नेला की विटकरी निघतो. वडील कुठलीही शेड दारात नेऊन, उन्हात धरल्याशिवाय पास करत नसत. म्हणजे संग्रहालयातला रंगीत फोटोही खोटं बोलतोच. पण म्हणून आम्ही पांढरं सूत विकायला काढलं नाही. शेजारी करडं कार्ड धरून एक फोटो घ्यायचा आणि त्यावरून रंग जुळवायचा. एवढं साधं आहे.
आता एक विचारतो, राग मानू नका. कृष्णधवलमध्ये फिल्टर कुठला ठेवला होता?

काळा_पाषाण
लाल. मूर्ती उठून दिसतात.

रंगारी_सोलापूर
दिसणारच! लाल फिल्टरने लाल वस्तू उजळते. मथुरेकडचा लाल वालुकाश्म असेल तर तो फोटोत पांढुरका, जवळपास संगमरवरासारखा येणार. हिरवा लावला असता तर तीच मूर्ती आपल्या काळ्या दगडाची वाटली असती. आणि त्या दगडावर जे फिकट ठिपके असतात, ते उजळलेल्या लालात विरून जातात. रंग काढला म्हणता, पण तुम्ही तर दगडच बदललात.

भीमाकाठची
हे मात्र मला माहीत नव्हतं.

काळा_पाषाण
हा मुद्दा मान्य. फोटोखाली दगड कुठला ते लिहायला हवं होतं. तरी चेहऱ्यावरची छाया रंगात हरवते, यावर मी ठाम.

पारावरचा
मग दोन्ही लावा शेजारी शेजारी, बघू काय हरवतं ते. रंगीत मूळ फाइली टाका इथे.

काळा_पाषाण
नाहीत हो. कॅमेऱ्यातच कृष्णधवल जेपेग काढले, रॉ, म्हणजे रंगासकटची मूळ फाइल, ठेवलीच नाही.

रंगारी_सोलापूर
मग पुन्हा सिद्धेश्वरचं तिकीट काढा. या खेपेला मीही येतो, शेड कार्ड घेऊन.