‘पांढरा आवाज’ मराठीत कसा आणावा?

रानजाई: दाखाब्राखा या युक्रेनी बँडवर लिहिते आहे. कीव्हमधल्या प्रायोगिक नाटकवाल्यांतून २००४ साली निघालेला चौघांचा संच. तिघी बायका, एक पुरुष, डोक्यावर उंच लोकरी टोप्या. गावाकडची जुनी गाणी घेतात आणि त्यांखाली आफ्रिकी ढोल, अकॉर्डियन, चेलो. तो चेलोही कधी गजाने, कधी बोटांनी छेडून, जॅझमधल्या बाससारखा. आपल्या शैलीला ते ‘एथ्नो-केऑस’ म्हणतात. त्याचा मी ‘लोककल्लोळ’ केला. अडलंय गायकीपाशी. शेतात, उघड्यावर गाणाऱ्या बायकांच्या त्या आवाजाला युक्रेनीत ‘बिली होलोस’ म्हणतात, शब्दशः पांढरा आवाज. छातीतून, बोलतो तसा सरळ फेकलेला, कंप जवळजवळ नाहीच. मी ‘पांढरा आवाज’ लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, “पांढरी किती?”

सूरपेटी: साहजिक आहे. पेटीच्या पट्ट्यांची काळी चार, पांढरी पाच हेच कानात बसलेलं. सरळ ‘खडा आवाज’ लिहा.

मधुमालती: खड्या आवाजात माणूस दटावतो, घोषणा देतो. मला ‘पहाडी’ योग्य वाटतो. शाहिराच्या आवाजाला आपण दुसरं काय म्हणतो?

आडवाट: पहाडी म्हटलं की निम्मे वाचक पहाडी नावाच्या रागाकडे वळणार. शिवाय पहाडी आवाज भरदार असतो. या बायकांचा आवाज पात्यासारखा धारदार आहे. दोघी शेजारशेजारचे स्वर एकदम धरतात, ते एकमेकांवर घासतात, आणि ओळ संपताना आवाज झटक्यात वर फेकून सोडून देतात. ‘मोकळ्या गळ्याचा आवाज’ म्हणा, लांबला तरी चालेल.

रानजाई: लेखात तो शब्द सतत येतो. दर वेळी तीन शब्द कसे लिहू?

जुनीपोथी: पांढरा सोडू नका! गावाची वस्ती ती पांढरी आणि पिकाऊ रान ती काळी, हे जुन्या कागदांत जागोजागी आहे. पांढरा आवाज म्हणजे गावाचा आवाज. इतका सुंदर अर्थ घरात असताना बाहेर का शोधायचा?

आडवाट: सुंदर आहे, पण तो अर्थ तुम्ही घातलेला. त्या बायका गातात काळीत, शेतात. आणि पाश्चात्त्य संगीत ऐकणारा आणखी चकेल; इटालियनमध्ये ‘पांढरा आवाज’ म्हणजे लहान मुलांचा आवाज.

जुनीपोथी: इटालियन वाचकासाठी मराठीत लिहायचं का? आपली माती आपल्याच शब्दांतून काढून टाकायची ही खोड वाईट.

मधुमालती: मग ‘बिली होलोस’च ठेवा. एकदा समजावलं की रुळतो. ख्याल, ठुमरी तरी कुठे मराठी?

सूरपेटी: मी अजून ‘खडा’वरच आहे. खडा म्हणजे उभा. खडा पहारा, खडी चढण. तसा न वाकता उभा राहिलेला आवाज. वर वर्णन केलंय ते हेच.

जुनीपोथी: तो खडा दगडाचा. खडीसाखर, रस्त्याची खडी. टणक, कणीदार आवाज म्हणून खडा.

सूरपेटी: खडे बोल सुनावतो तेव्हा काय दगड मारतो?

जुनीपोथी: लागतात तर तसेच!

मधुमालती: आमच्याकडे भजनात टिपेला जाणाऱ्याला ‘खड्या गळ्याचा’ म्हणतात. तिथे उभं राहण्याचा संबंध नाही. सगळे बसून गातात.

सूरपेटी: बसतो तो माणूस, आवाज नाही. आणि ‘खड्या सुरात’ हा प्रयोग तुमच्याकडे आहे की फक्त ‘खड्या गळ्याचा’? तेवढं नक्की सांगा.