मदत हवी आहे: फोटोच नसलेल्या आठवणी अल्बममध्ये कशा घालू?

मंडळी, आईच्या साठीला गेल्या वर्षाचा छापील अल्बम द्यायचाय. फोटो ढीगभर आहेत, पण खरे क्षण त्यात नाहीतच! नाशिकच्या रंगपंचमीला बाबांनी चौसष्टाव्या वर्षी रहाडीत (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला जुना हौद) धप्पा मारला, म्हणजे धपकन उडी घेतली, तेव्हा माझा फोन घरी (रंगाची भीती, दुसरं काय). गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पुराची उंची आम्ही तिच्यावरून मोजतो) कमरेला पाणी लागलं, तेव्हा आई छत्री मिटूनच लहानपणीचा पूर सांगत उभी राहिली. त्याचं 40 सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, अर्धा नुसता पाऊस. त्याचा क्यूआर कोड पानावर छापला तर पाच वर्षांनीही चालेल का? कुणी केलंय? आणि धप्प्याचं काय करू, दोन ओळी लिहू की भाच्याकडून चित्र काढून घेऊ? रविवार कारंजा किंवा कॉलेज रोडला एकच प्रत छापून देणारं कुणी आहे का? हातात 15 दिवस आहेत.