कॅटॅस्ट्रॉफिक दिवसाच्या आदल्या रात्री तुमच्या घरात काय चालतं?

धागाकर्ती: उन्हाळा सुरू झाला. ऑस्ट्रेलियात रानालगत राहणाऱ्यांसाठी हा धागा. सप्टेंबर २०२२ पासून देशभर वणव्याच्या धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या दोन, सगळ्यात धोक्याच्या, लागल्या की तुम्ही काय करता? सरकारी पत्रक सगळ्यांकडे आहे, घरातलं लिहा.

डँडेनाँगकर: घर डोंगरउतारावर, निलगिरीच्या गर्दीत. कॅटॅस्ट्रॉफिक जाहीर झालं की आदल्या संध्याकाळीच शहरात चुलतभावाकडे. धूर दिसेपर्यंत थांबायचंच नाही. २००९ च्या ७ फेब्रुवारीला व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यातली कितीतरी घरात किंवा घराजवळच. आमचे शेजारी तेव्हापासून इथले. ते म्हणतात, ज्वाळांच्या आधी निखारे येतात. वाऱ्याबरोबर उडत येऊन गटरमधल्या पाचोळ्यात, छपराच्या फटीत शिरतात. म्हणून छपराची गटरं उन्हाळ्याआधीच साफ. निघताना पायपुसणी, वेताच्या खुर्च्या आत आणि गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह घराच्या उलट बाजूला. एवढं करूनही घर वाचेल याची खात्री नाही. विमा भरलाय, बस.

बॅलरॅटवाली: आमच्याकडे झाडं नाहीत, गवत आहे. नवे लोक त्यामुळे निर्धास्त असतात, ते बरोबर नाही. वाळलेल्या गवताच्या आगीपुढे माणूस पळून सुटू शकत नाही. दुसरं म्हणजे वारा. दिवसभर उत्तरेकडून भट्टीसारखा येतो, मग अचानक नैऋत्येचा गार वारा सुटतो. लोक म्हणतात, सुटलो! पण तेव्हाच आगीची लांबलचक बाजू वळून तोंड होते.

ब्लू माउंटन्स: सासूबाई-सासरे जळगावहून आले होते. सासरे म्हणाले, "एवढं ऊन आमच्याकडे रोजचं, त्यासाठी घर सोडायचं?" मग त्यांना ॲपवरचा नकाशा दाखवला, वाऱ्याचा वेग दाखवला. पिशवीत पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, चष्मे, देव्हाऱ्यातले टाक. सासूबाईंना नायलॉनच्या साडीऐवजी सुती ड्रेस घालायला लावला, पायात बंद बूट. सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटतं हे कळल्यावर वाद संपला. बूट मात्र चावले म्हणून अजून ऐकवतात.

निवांत_पर्थ: घरी थांबून पाणी मारू म्हणणाऱ्यांनी एक बघावं: पंप कशावर चालतो? वीज गेली की पंप बंद, इलेक्ट्रिक गॅरेजचं दारही. ते हाताने कसं उघडायचं, ते आधी करून बघा. मोबाईल टॉवरचाही भरवसा नाही, सेलवरचा रेडिओ लावून एबीसीचं, म्हणजे इथल्या सरकारी रेडिओचं, स्थानिक केंद्र ऐका.

ॲडलेडकर: वास्तुशांत ठरली होती, मंडप अंगणात. टोटल फायर बॅन लागला, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी. गुरुजींनीच होम पुढे ढकलला. जेवण मात्र झालं, घरात, श्रीखंड-पुरीचं.

धागाकर्ती: शहरात कोणीच ओळखीचं नसेल तर?

डँडेनाँगकर: मॉल, लायब्ररी, रानापासून लांबचं काहीही. रात्रीसाठी व्यनि (खाजगी निरोप) करा. चुलतभावाचा हॉल मोठा आहे, गाद्या टाकू. कुत्रा चालेल, मांजर नको, वहिनी शिंकून हैराण होते.