"समोर बसून प्यायला शिकव" याबद्दल

वर एका ताईंनी लिहिलंय की मुलगा बाहेर जाऊन चोरून पिण्यापेक्षा घरी आपल्यासमोर बियर घेतलेली बरी. ताई, काळजी समजते पण मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे भाच्याला सोळाव्या वर्षी लग्नाच्या हळदीत मोठ्यांनीच ग्लास दिला होता, "घे रे, आपलाच कार्यक्रम आहे" म्हणून. रात्री दोनला तो गच्चीवर उताणा पडलेला, उलटी तोंडातच, हाका मारल्या तर नुसतं हूं. नशीब माझ्या बहिणीला जाग आली, तिनं त्याला कुशीवर वळवलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. उताणं ठेवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते, आणि लिंबूपाणी कॉफी गार पाणी यानं काहीही उतरत नाही, उलट पोटातली दारू झोपेतसुद्धा रक्तात चढतच असते, म्हणून "झोपू दे, उतरेल" हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे.

शिवाय मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, आणि जितक्या कमी वयात सुरुवात तितकी सवय लागायची शक्यता जास्त. महाराष्ट्रात बियरलासुद्धा २१ वर्षं पूर्ण लागतात. आणि अठराच्या आतल्या मुलाला दारू, तंबाखू किंवा ड्रग्ज देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मुलगा आधीच घेत असेल तर मारझोड नको, पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात बोला नाहीतर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.