एच-४ वर कम्युनिटी कॉलेजमध्ये बिझनेस शिकावं का? (कुपर्टिनो)

सायली_सांगलीकर
नमस्कार मंडळी. लग्नानंतर कुपर्टिनोला आले त्याला दोन वर्षं उलटून गेली, एच-४ वर (एच-१बी वर्क व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. तिकडे बी.कॉम. करून एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करत होते. इथे घरी गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी करते आणि ओळखीपाळखीत देते, पैसे घेत नाही, पण सगळ्याजणी म्हणतात अगं विकायला लाग आता. घराजवळच डी अँझा हे कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) आहे, तिथे बिझनेसचे कोर्स आहेत ते बघून इच्छा झाली. सासरे म्हणतात करायचं तर एमबीए कर, नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट आहे. मला खरंच नीट शिकायचंय, नुसता वेळ घालवायचा नाहीये. एच-४ वर अ‍ॅडमिशन मिळते का, फी किती पडते, आणि मुख्य म्हणजे धंदा करायला त्याचा उपयोग होतो का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

मीनल_फ्रीमाँट
अगं एच-४ वरच शिकता येतं, पार्टटाइम काय नि फुलटाइम काय, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करायची अजिबात गरज नाही. उलट एफ-१ केलास तर इंटरनॅशनल स्टुडंटची फी लागेल, ती कितीतरी पट जास्त असते. तू कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलीयेस आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदावर दाखवता आलं (घराचं लीज, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न असलं काहीतरी) की रेसिडेंट फी लागते. डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरवर (लहान सत्रांवर) चालतात म्हणून युनिटला (क्रेडिटला) ३१ डॉलर, मिशन कॉलेज किंवा आमचं ओलोनी सेमिस्टरवालं, तिथे ४६. घाबरू नकोस, हिशोब तोच येतो, असोसिएट डिग्रीला (दोन वर्षांची) तिकडे ९० युनिट लागतात म्हणजे २७९० डॉलर, इकडे ६० म्हणजे २७६०. वर हेल्थ फी वगैरे किरकोळ. एच-४ ला फेडरल मदत मिळत नाही, तेव्हा फाफ्साच्या (त्या मदतीच्या अर्जाच्या) फॉर्मच्या मागे लागू नकोस. आणि पुस्तकांवर उगाच खर्च करू नकोस हं, वेळापत्रकात ज्या क्लासपुढे झीरो टेक्स्टबुक कॉस्ट लिहिलेलं असतं ते आधी बघ. ओपनस्टॅक्सवर अकाउंटिंग आणि आंत्रप्रेन्युअरशिप दोन्हीची पुस्तकं फुकट आहेत, आत्तापासून वाचायला घे.

अभिजित_के
सायलीताई, शिकण्याबद्दल मीनलताईंनी सांगितलंच आहे, पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या. शिकायला परवानगी आहे म्हणजे विकायलाही आहे असं नाही. एच-४ वर ईएडी (काम करायचा परवाना) नसताना घरून मसाला विकला तरी ते काम धरलं जातं, मग विक्री चार पाकिटांची का असेना, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ते आडवं येऊ शकतं. मे २०१५ पासून एच-४ ला ईएडी मिळतो पण सगळ्यांना नाही, नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असावा लागतो किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला असावा लागतो. ईएडी हातात आला की स्वतःचा धंदा करता येतो. तुमचं त्यातलं काय आहे? काहीही असो, विक्री सुरू करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या, मंडळातल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

राजश्री_सॅनहोजे
उपयोग होतो का, याचं उत्तर मी देते. माझा शिवणकामाचा व्यवसाय आहे, ब्लाउज, लेहेंगे, आल्टरेशन. घरून करायचे, मग गिऱ्हाईक वाढलं म्हणून गाळा घ्यायचं ठरवलं आणि त्याच सुमारास संध्याकाळचा बिझनेस लॉचा क्लास लावला. वर्गात कोण होतं तर गॅरेजवाला, नेल सलूनवाली, एक बांधकामाचे कंत्राटदार, सगळे दिवसभर काम करून आलेले, त्यामुळे प्रश्न पुस्तकातले नसायचेच. एकदा प्रोफेसरांनी दुकानाच्या लीजची खरी कॉपी वाटली, नावं खोडलेली, आणि म्हणाले सांगा महिन्याला किती पैसे जातील. आम्ही सगळ्यांनी भाडं गुणिले चौरस फूट केलं. मग त्यांनी आतल्या पानावरचा ट्रिपल नेटचा मजकूर वाचायला लावला, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि देखभाल, तिन्ही भाडेकरूच्या गळ्यात. आकडा पार बदलला. मी बघून ठेवलेल्या गाळ्याचं लीज घरी जाऊन काढलं तर त्यातही तेच होतं, ते वाचूनच मी मालकाशी बोलायला गेले. हे यूट्यूबवर नसतं असं नाही, पण काय शोधायचं हेच माहीत नसेल तर सापडणार कसं?

तुला डिग्रीच्या मागे लागायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बी.कॉम. झालंय, डेबिट-क्रेडिट तुला येतंच. मॅनेजेरियल अकाउंटिंग घे, त्यात एका पाकिटाची खरी किंमत काढायला शिकवतात, म्हणजे नुसते धणे-खोबरं-तीळ नाही तर बरणी, लेबल, गॅस आणि तुझे भाजत बसलेले तास. आपण बायका स्वतःचे तास धरतच नाही आणि तिथेच मार खातो. मग बिझनेस लॉ, आणि ज्यात पूर्ण बिझनेस प्लॅन लिहून घेतात असा एखादा स्मॉल बिझनेसचा कोर्स. आणि लगेच एलएलसी (छोटी कंपनी) काढायला धावू नकोस, कॅलिफोर्नियात नफा असो नसो वर्षाला निदान ८०० डॉलर टॅक्स भरावा लागतो. एसबीडीसी आणि स्कोअर या छोट्या धंद्यांना मदत करणाऱ्या संस्था, दोन्हीकडे सल्ला फुकट मिळतो, प्लॅन लिहून झाला की तो घेऊन त्यांच्याकडे जा, कोऱ्या हाताने गेलं तर तेही जुजबीच सांगतात.

निखिल९५०
डिग्रीला अगदी मोडीत काढू नका ताई. सायलीचं बॅचलर्स झालंय म्हणून ठीक, पण बारावी करून आलेल्या मुलांना बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची ट्रान्सफर डिग्री (म्हणजे ती करून पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जायचं) हा फार चांगला रस्ता आहे, सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) प्रवेशाची हमी मिळते (हव्या त्याच कॅम्पसची नाही हं), आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसना टॅग (अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी) करता येतं, फक्त बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. कुठला कोर्स कुठे चालतो ते असिस्ट नावाच्या साइटवर बघायचं.

सायली_सांगलीकर
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! अभिजितदादा, नवऱ्याचा आय-१४० मंजूर झालाय, आम्ही ईएडीचा अर्जच केला नव्हता कारण नोकरी करायची नव्हती. आज रात्रीच बसतो दोघं, आणि वकिलाचीही वेळ घेते. राजश्रीताई, ईएडी आल्यावर घरच्या स्वयंपाकघरातून विकायला चालतं का?

राजश्री_सॅनहोजे
चालतं, कॉटेज फूडचा (घरी बनवलेले पदार्थ विकण्याचा) कायदा आहे, २०१३ पासून. थेट गिऱ्हाइकाला विकायचं तर क्लास ए, त्याला काउंटीकडे (जिल्हा प्रशासनाकडे) रजिस्ट्रेशन, आणि दुकानात ठेवायला द्यायचं तर क्लास बी, त्याला परमिट आणि किचनची तपासणी. न नासणारे कोरडे पदार्थच चालतात, तुझ्या तिन्ही वस्तू काउंटीला नावानिशी विचारून घे, मेतकूट म्हणजे काय ते समजावावं लागेल. लेबलवर मेड इन अ होम किचन हे लिहावंच लागतं. आणि अ‍ॅलर्जीचे पदार्थ नीट लिही, भाजणीतला गहू तर आहेच, पण १ जानेवारी २०२३ पासून तीळही त्या यादीत आलेत, म्हणजे गोड्या मसाल्यावर तीळ लिहायलाच हवेत.

क्लास फुल दिसला तरी नाव वेटलिस्टवर टाकून ठेव आणि पहिल्या तासाला जाऊन बस. बरेच जण येतच नाहीत, मग प्रोफेसर अ‍ॅड कोड (क्लासला नाव घालायचा कोड) देतात.