पोटापाण्याचे काम आणि त्याने लावलेली शंकेची सवय

‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नावर आपण बहुतेक वेळा हुद्द्याचे नाव सांगून मोकळे होतो आणि ऐकणाराही मान डोलावून विषय बदलतो. हुद्द्यावरून पगाराचा अंदाज बांधता येतो, पण त्या माणसाचा दिवस कशात जातो हे कळत नाही. म्हणून येथे लिहिणाऱ्यांना तीन गोष्टी विचारतो आहे : आपले काम प्रत्यक्षात काय असते, आपण त्या कामापर्यंत कोणत्या वाटेने आलात, आणि कशावर विश्वास ठेवू नये असे त्या कामाने आपल्याला शिकवले. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल. मात्र माणूस एक काम सोडून दुसऱ्यात जातो तेव्हा जुनी हत्यारे मागे राहतात आणि जुन्या शंका बरोबर येतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. मी आज मुद्रितशोधक असलो तरी छापखान्यात शिरलो तो जुळारी म्हणून. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, स्टिक नावाच्या हातातल्या लहान चौकटीत ओळ जुळवायची आणि आरशात दिसावीत तशी ती उलटी अक्षरे वाचायची. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, शेकडो खण असत आणि मुरलेला जुळारी खणाकडे न पाहता हात घालत असे. छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकण्याचे कंटाळवाणे काम आम्हा नवशिक्यांकडे येई. आम्ही एखादा ‘घ’ चुकून ‘ध’च्या खणात टाकला, की पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी पानावर ‘धन’चे ‘घन’ होत असे. ज्याच्या हातून ते छापले जाई त्याचा दोष नसे. चूक आठवड्यापूर्वीच घडून गेलेली असे.

१९८५ मध्ये पेजमेकर हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि त्यानंतर काही वर्षांतच आमच्यासारख्यांच्या हाताला काम उरले नाही. मुद्रितशोधनाकडे मी वळलो ते आवडीने नव्हे, तर ती खुर्ची रिकामी होती म्हणून. या कामाने मला अर्थ लागणाऱ्या वाक्यावर विश्वास ठेवू नये असे शिकवले. वाक्याचा अर्थ लागला, की डोळा पुढे सरकतो आणि अक्षरे पाहायची राहून जातात. म्हणून महत्त्वाचा मजकूर मी शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, उलटा वाचतो. मथळा तर दोनदा वाचतो, कारण सर्वांत मोठ्या अक्षरातील चूक सर्वांत उशिरा सापडते.

डायलिसिस तंत्रज्ञ

रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर मी एका कारखान्यात बॉयलरला जाणारे पाणी तपासण्याचे काम करत होते. पाण्यातील क्षार नळ्यांच्या आत थर धरून बसतात, त्या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि तापत गेलेली नळी शेवटी फुटते. तसे होऊ नये म्हणून दिवसातून अनेकदा नमुने काढणे, एवढेच ते काम होते. कारखान्याने तो विभाग बंद केला तेव्हा मी तिशीच्या पुढे होते. डायलिसिसच्या पदविकेच्या वर्गात माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुले होती आणि रुग्णाच्या हाताला सुई लावताना माझेच हात सर्वांत जास्त थरथरत असत.

डायलिसिस म्हणजे यंत्र रक्त शुद्ध करते, असे लोक समजतात. ते खरेच आहे, परंतु त्यातील निम्मे काम पाण्याचे असते. यंत्राच्या गाळणीत, म्हणजे डायलायझरमध्ये, हजारो पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त वाहते आणि बाहेरून, उलट दिशेने, डायलिसेट नावाचे द्रावण वाहते. या द्रावणाचा वेग साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर असतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीत १२० लिटर आणि आठवड्याच्या तीन बैठकांत ३६० लिटर. एवढे पाणी एका पातळ पडद्यापलीकडून त्या माणसाच्या रक्ताला लागून जाते. नळाचे पाणी जंतुमुक्त करण्यासाठी घातलेले क्लोरिन किंवा क्लोरामिन पिणाऱ्याला अपाय करत नाही, पण तेच या पडद्यातून रक्तात उतरले तर तांबड्या पेशी फुटतात. उलट परासरणाचे (आरओ) महागडे संयंत्रही क्लोरामिन भरवशाने अडवत नाही. ते काम त्याच्या आधीच्या कार्बनच्या टाक्या करतात, आणि त्या टाक्या अजून काम करत आहेत की नाही हे प्रत्येक पाळीपूर्वी कोणीतरी तपासावे लागते. आमच्या विभागात ते मी करते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मी शून्यावर विश्वास ठेवत नाही. एका सकाळी चाचणीच्या पट्टीने कार्बनच्या टाकीनंतरच्या पाण्यात क्लोरिन शून्य दाखवले, म्हणजे दाखवायला हवे होते तेच दाखवले. कारखान्यातील जुन्या सवयीने मी तीच पट्टी नळाच्या थेट पाण्यात बुडवून पाहिली, तर तेथेही शून्यच आले. पाण्यात काही दोष नव्हता. पट्ट्याच निकामी झाल्या होत्या आणि किती दिवस आम्ही त्यांच्या शून्यावर निश्चिंत होतो हे कोणालाही सांगता आले नाही. सुदैवाने नव्या पट्ट्यांनीही टाकीनंतरचे पाणी शुद्धच दाखवले. तेव्हापासून मी आधी नळाचे पाणी तपासते आणि पट्टी रंग बदलते हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पुढे जाते.

यंत्राच्या पडद्यावरील आकड्यांबाबतही माझे हेच मत आहे. शरीरातील पाणी फार वेगाने काढले गेले तर रक्तदाब एकाएकी उतरतो, आणि पडद्यावरचा रक्तदाब अर्ध्या तासापूर्वीचा असू शकतो. रोज गप्पा मारणारा रुग्ण अबोल झाला आणि जांभया देऊ लागला, की मी नव्याने रक्तदाब घेते. वर्षानुवर्षे आठवड्यातून तीनदा भेटणाऱ्या माणसाची चाल, आवाज आणि चपला घट्ट झाल्याची तक्रार ओळखीची होऊन जाते. तो एखाद्या दिवशी आला नाही तर मोकळ्या खुर्चीकडे पाहून कोणी काही विचारत नाही. या कामाबद्दल एवढे एकच मी घरी कधी सांगितलेले नाही.

वेल्डिंगमधून तपासणीकडे आलेला

शाळा सुटल्यावर मी वेल्डिंग शिकलो आणि पंधरा वर्षे दाबपात्रे व पाइपलाइन यांवर काम केले. आमचा नेहमीचा रॉड ई ७०१८ होता. त्यातील ७० हा आकडा ताणबळ सांगतो, १ म्हणजे तो कोणत्याही स्थितीत चालतो आणि ८ हा आकडा कमी हायड्रोजनचे लेपन दर्शवतो. शेवटच्या आकड्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. उघड्यावर राहिलेला रॉड हवेतील ओलावा शोषतो, ठिणगीच्या उष्णतेत त्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. जोड थंड झाल्यावर तो हायड्रोजन आतल्या आत जमत राहतो आणि काही तासांनी, कधी तर दोन दिवसांनी, धातू तडकतो. म्हणूनच रॉड ओव्हनमध्ये ठेवतात आणि जाड किंवा कठीण पोलादाची अंतिम तपासणी अनेकदा ४८ तास थांबून करतात. मी संध्याकाळी केलेला, सर्वांनी वाखाणलेला एक जोड तिसऱ्या दिवशी सकाळी केसाएवढ्या रेषेने चिरलेला निघाला. त्या दिवशी दुपारी रॉडचा डबा घाईत उघडा राहिला होता, आणि तो मीच उघडा ठेवला होता.

पुढे पाठीने त्रास दिला आणि मी रेडिओग्राफीच्या परीक्षा देऊन तपासणीकडे वळलो. आता जोडाच्या एका बाजूला इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी स्रोत आणि दुसऱ्या बाजूला फिल्म लावतो. या स्रोताचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवस असल्याने अडीच महिन्यांत त्याच चित्रासाठी दुप्पट वेळ द्यावा लागतो. नवे सहकारी स्वच्छ फिल्म पाहून निर्धास्त होतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. भेग किरणांच्या दिशेला समांतर असली तर फिल्मवर काळी रेष उमटते. आडवी असली तर काहीच उमटत नाही आणि ती शोधायला अल्ट्रासोनिक चाचणी लागते. ज्यांचे जोड मी नाकारतो ते वेल्डर माझ्यावर चिडतात. एकेकाळी मीही तपासनीसांवर असाच चिडत असे, त्यामुळे मी वाद घालत नाही; फक्त रॉड कोठे ठेवला होता एवढे विचारतो.

गणिताचा शिक्षक, पूर्वी प्रोग्रामर

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. मी कोबोलमध्ये प्रोग्राम लिहीत असे. ही भाषा १९५९ मध्ये आखली गेली होती, पण मी नोकरीला लागलो तेव्हाही हिशेबाचा मोठा भाग तिच्यावरच चालत होता. संगणकाची स्मृती महाग होती त्या काळात वर्षाचे दोनच अंक साठवण्याची पद्धत पडली होती, आणि २००० साल जवळ आल्यावर ते अंक शोधत फिरणे हेच माझे काम झाले. दोन अंकांच्या चुका सापडण्याजोग्या होत्या. मला त्रास दिला तो वेगळ्याच ओळींनी : शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते हा नियम काहींनी अर्धाच लिहिला होता आणि चारशेने भाग गेल्यास ते लीप असते हा पुढचा भाग सोडून दिला होता. ज्यांना केवळ चारचा नियम ठाऊक होता त्यांचे प्रोग्राम २००० साली बरोबर चालले असते. ज्यांना त्याहून थोडे अधिक ठाऊक होते त्यांचेच चुकले असते. आज मी शाळेत शिकवतो आणि बरोबर उत्तर आलेल्या मुलालाही रीत विचारतो. मुलांना हे अजिबात आवडत नाही.

लघुलेखनातून प्रतिलेखनाकडे

मुद्रितशोधक महोदयांनी अर्थ लागणाऱ्या वाक्याबद्दल जे लिहिले आहे, त्यात मला भर घालायची आहे. मी पिटमन पद्धतीचे लघुलेखन शिकले. १८३७ मध्ये आलेल्या या पद्धतीत ‘प’ची रेष बारीक आणि ‘ब’ची तीच रेष जाड असते, आणि वेगात लिहिताना स्वरचिन्हे गाळली जातात. त्यामुळे संध्याकाळी स्वतःचीच वही वाचताना संदर्भावरून शब्द ओळखावा लागतो. साहेबांनी स्वतः टंकलेखन सुरू केल्यावर लघुलेखिकांची पदे गेली आणि मी डॉक्टरांची ध्वनिमुद्रित टिपणे ऐकून लिहून काढण्याचे, म्हणजे प्रतिलेखनाचे, काम करू लागले. कानात हेडफोन, पायाखाली ध्वनी मागेपुढे करणारे पेडल आणि समोर पडदा, अशी वीस वर्षे गेली. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ घाईच्या उच्चारात सारखेच ऐकू येतात, परंतु एकाचा रक्तदाब वाढवायचा असतो आणि दुसऱ्याचा उतरवायचा. असे काही आले, की आम्ही ती जागा कोरी सोडून डॉक्टरांना विचारत असू.

आता ऐकण्याचे काम सॉफ्टवेअर करते आणि मी त्याचा मसुदा सुधारते. प्रत्येक ओळीमागचा मोबदला उतरला आहे आणि लक्ष मात्र पूर्वीपेक्षा जास्त द्यावे लागते, कारण मला ऐकू आले नाही तर मी जागा कोरी सोडत असे, यंत्र मात्र ती सहसा कोरी सोडत नाही. त्या जागी ते शोभेल असा शब्द बसवते, व्याकरणही चोख असते. पूर्वी मी चुका दुरुस्त करत होते. आज मी नसलेल्या कोऱ्या जागा शोधते.

गोदामातील साठा तपासणारा

मी हिशेबनीस होतो. आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा नोकरी सोडली आणि नऊ वर्षे घरी होतो. प्रत्येक मुलाखतीत त्या नऊ वर्षांत काय केले असे विचारतात, आणि ‘काही नाही’ हे उत्तर समोरच्याला सोयीचे वाटते असे दिसते. ‘गोळी घेतली’ हे आईचे उत्तर खरे मानायचे नाही, पाकिटातील उरलेल्या गोळ्या मोजायच्या, आणि तिला ते जाणवू द्यायचे नाही, हे मी त्या काळात शिकलो. आज गोदामात नोंदवही न उघडता आधी फळीवरचा माल मोजतो. माझे वरिष्ठ या पद्धतीचे कौतुक करतात, पण ती मी कोठे शिकलो हे त्यांनी विचारलेले नाही.

सांकेतिक भाषेची दुभाषी

माझे आईवडील दोघेही कर्णबधिर असल्याने माझ्या कामाची सुरुवात सातव्या वर्षी, बँकेच्या खिडकीपाशी, पायाच्या चवड्यांवर उभे राहून झाली. प्रशिक्षण घेऊन हाच व्यवसाय करावा असे मला अजिबात वाटत नव्हते. मी आधी चार वर्षे विमा कार्यालयात काढली. तेथे एकदा दुभाषाविना आलेल्या एका दांपत्याशी मी बोलले, आणि त्यानंतर प्रत्येक विभाग मलाच बोलावू लागला.

हे काम हातांचे वाटते, पण थकतो तो मेंदू. एक वाक्य ऐकत असताना त्याआधीचे वाक्य दुसऱ्या भाषेत मांडायचे असते. १९४५ मध्ये सुरू झालेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात चार भाषांतून असे एकाच वेळी भाषांतर झाले तेव्हाही दुभाष्यांना पाळीपाळीने बसवावे लागले होते. आम्हीही लांबच्या कामाला जोडीने जातो आणि वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतो, कारण त्यानंतर चुका वाढतात आणि त्या आपल्या आपल्यालाच दिसत नाहीत.

प्रस्तावनेत ऐकणारा मान डोलावतो असे लिहिले आहे, ते वाचून मला लिहावेसे वाटले. मी मान डोलावण्यावर विश्वास ठेवत नाही. वडिलांच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर त्यांच्याकडे पाहून बोलत होते आणि वडील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मी शेजारीच होते, पण कोणी मला मध्ये बोलावले नाही आणि मीही गप्प राहिले. घरी आल्यावर वडिलांनी हातांनी विचारले : कोणता पाय? आज मी डॉक्टरांना मध्येच थांबवते आणि त्यांनी काय सांगितले ते रुग्णालाच स्वतःच्या खुणांनी मांडायला सांगते. भेटीचा वेळ त्यामुळे लांबतो आणि काही डॉक्टर घड्याळाकडे पाहतात. रुग्णाचे मांडून होईपर्यंत मी त्यांच्या घड्याळाचे भाषांतर करत नाही.