प्रतिसाद: मायनर विरुद्ध ओ३, आधी रुंदी सारखी करा
वरच्या पोस्टमध्ये जेम५ या प्रोसेसर-सिम्युलेटरमधले मायनर (सूचना क्रमाने चालवणारा) आणि ओ३ (आउट-ऑफ-ऑर्डर, म्हणजे क्रम सोडून चालवणारा) हे सीपीयू डीफॉल्ट सेटिंगवरच चालवून ‘आउट-ऑफ-ऑर्डर इतक्या पटीने वेगवान’ असा निष्कर्ष काढलाय. तो टिकत नाही. ओ३ची डीफॉल्ट रुंदी (एका सायकलला पुढे सरकू शकणाऱ्या सूचना) ८, रीऑर्डर बफर (चालू सूचना क्रमाने पूर्ण व्हाव्यात म्हणून ठेवायची जागा) १९२ जागांचा. मायनर एका सायकलला जेमतेम २ सूचना पुढे सरकवतो. म्हणजे क्रम आणि रुंदी दोन्ही एकदम बदलले. ओ३मध्ये फेचपासून (सूचना आणणं) कमिटपर्यंत (निकाल पक्का करणं) प्रत्येक टप्प्याची रुंदी २ करा; ब्रँच प्रेडिक्टर (पुढची वाट आधीच ओळखणारा भाग) आणि कॅश (सीपीयूजवळची छोटी, जलद मेमरी) दोन्हीकडे तेच ठेवा.

शिवाय कॅश रिकामी असताना मोजू नका. आधी वॉर्म-अप (प्रोग्राम थोडा चालवून कॅश भरणं), मग आकडे रीसेट, मगच मोजणी. बूटपुरता अ‍ॅटॉमिक सीपीयू (जेम५मधलंच साधं, जलद मॉडेल) ठीक, पण त्याच्या आयपीसीला (दर सायकलला पूर्ण होणाऱ्या सूचना) अर्थ नाही. त्यात मेमरीसाठी थांबणं धरलेलंच नसतं. आर्म विरुद्ध रिस्क-फाइव्ह अशी दोन सूचना-संचांची तुलना असेल तर सिम्युलेटेड सेकंदच बघा, कारण त्याच कामाला लागणाऱ्या सूचनांची संख्याच वेगळी असते.